पाणी सांगायचं, माणसं हलवायची नाहीत

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी शेवटपर्यंत पटली नाही. बनारसच्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत कुणी नवीन बाई भेटली आणि "सून काय करते?" असं तिनं विचारलं, की त्या सांगायच्या, "गंगा मोजते." मग आवाज खाली आणून, "आणि सरकार त्याचा पगार देतं!"

यात खोटं काही नव्हतं. नद्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं केंद्र सरकारचं एक खातं आहे. त्याच्या बनारसच्या छोट्या कचेरीत मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. गणितात बी.एस्सी. झाले होते, बनारसमध्येच जन्मलेली मराठी मुलगी, घरात वेद शिकवणारे वडील. मुलीनं शाळेत शिकवावं असं सगळ्यांना वाटत होतं. मी पाण्याकडे गेले.

काम काय, ते आधी सांगते, कारण दिवाळी अंकाच्या संपादकांनीही फोनवर मला "म्हणजे तुम्ही रोज होडीतून जायचात का?" असं विचारलं. होडीतून नाही. नदीकाठी पायऱ्यांवर आणि पुलाच्या खांबावर पांढऱ्या मुलाम्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांवर मीटर-सेंटीमीटरच्या काळ्या खुणा. आमचा रामधनी, जातीचा मल्लाह, म्हणजे नावाडी, रोज सकाळी आठला जाऊन पाणी कुठल्या खुणेला आहे ते वाचायचा. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की दर तासाला. तिकडे वर, प्रयागच्या बाजूलाही आमच्यासारखीच माणसं तेच करत असायची, आणि त्यांचे आकडे वायरलेसवर यायचे. माझं काम त्यापुढचं. वर आज इतकं पाणी असेल तर ते आमच्याकडे किती तासांनी पोचेल आणि किती चढेल, ते मी आलेखाच्या कागदावर काढायची. हिरव्या चौकटींचा कागद, टोकदार पेन्सिल आणि वरच्या बाजूला आडवी लाल रेघ. ती धोक्याची पातळी. काढलेला आकडा साहेबांच्या सहीनं एका छापील फॉर्मवर जिल्ह्याच्या कचेरीत, रेडिओकडे आणि वर्तमानपत्रांकडे जायचा. तिथे आमचं काम संपायचं.

संपायचं म्हणजे खरोखरच संपायचं. हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नायरसाहेबांनी शिकवलं. साहेब केरळचे, बारीक अंगाचे, हिंदी जपून बोलणारे. मी पहिलाच अंदाज लिहिला आणि खाली उत्साहानं एक ओळ घातली, की काठच्या लोकांनी सामान वर हलवावं. साहेबांनी ती ओळ पट्टी लावून सरळ खोडली. मग टेबलाच्या खणातून प्लास्टिकचं वेष्टण घातलेलं राज्यघटनेचं पुस्तक काढलं.

"बैठिए," ते म्हणाले. "यात शेवटी तीन याद्या आहेत. एक केंद्राची, एक राज्याची, एक दोघांची मिळून. पाणी कुणाच्या यादीत आहे?"

"केंद्राच्या. म्हणून तर आपण आहोत."

"नाही. पाणी राज्याच्या यादीत. पोलीस राज्याचे, इस्पितळं राज्याची, तीर्थयात्राही राज्याची. स्मशानसुद्धा. दोन राज्यांतून जाणाऱ्या नदीपुरतं केंद्राला बोलता येतं, तेही मर्यादेत. आपण पाणी किती येणार ते सांगायचं. माणसं हलवायची नाहीत. तो हुकूम द्यायचा अधिकार आपल्याला नाही."

मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं. पुढे कळलं, की केरळमधलं निवडून आलेलं सरकार दिल्लीनं एकदा परस्पर बरखास्त केलं होतं, त्यामुळे दिल्लीनं असे हुकूम सोडले की काय होतं ते साहेबांना माहीत होतं. "हद्द ही भिंत नसते, दीदी," ते एकदा चहा पिताना म्हणाले होते. "हद्द असली म्हणजे पलीकडच्याला विचारावं लागतं. एवढाच तिचा उपयोग." हे वाक्य समजायला मला काही वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी तरी भरली.

पण त्याआधी आमच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगायला हवं. सरकारी कचेरी असली तरी पावसाळ्यात आमच्याकडे गिऱ्हाइकं यायचीच. अहिल्याबाई घाटावरचे एक पंडाजी होते, यात्रेकरूंची पूजा सांगणारे, त्यांची बसायची लाकडी चौकी आणि मोठी वेताची छत्री पायऱ्यांवर असायची. पाणी चढलं की चौकी वर न्यायची, आणि न्यायची तर किती वर, हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना फॉर्मवरचा आकडा वाचून दाखवला. ते म्हणाले, "बिटिया, मीटर-फीटर आम्हाला कळत नाही. सीढी सांग. कितवी सीढी?"

"पंडाजी, चौकी हलवा असं मला सांगता येत नाही."

"ते कोण विचारतंय? चौकी माझी, हलवायची की नाही ते मी बघीन. तू फक्त सीढी सांग."

मग मी एका रविवारी टेप घेऊन घाटावर गेले आणि त्यांच्या पायऱ्या मोजून आले. तेव्हापासून आमच्या आकड्याचं मी त्यांना पायऱ्यांमध्ये भाषांतर करून द्यायची. हळूहळू मणिकर्णिकेवरचे लाकडांचे व्यापारीही विचारायला लागले, कारण पूर आला की चिता वरच्या पायऱ्यांवर रचाव्या लागतात. एक बाई दर श्रावणात कोल्हापूरहून यायच्या आणि गंगेचं पाणी "निवळ" कधी होईल ते विचारायच्या. ते मात्र आमच्या कुठल्याच आलेखात बसत नव्हतं.

अशा मजेत तीन पावसाळे गेले. चौथ्या पावसाळ्यात पाणी लाल रेघेच्या हातभर खाली थांबेल असा मी अंदाज दिला. अंदाज तंतोतंत बरोबर आला. साहेबांनी शाबासकी दिली. मी घरी जाऊन खीर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी रामधनी पट्टी वाचून आला, आकडा सांगितला आणि दारातच उभा राहिला.

"दीदी, वरुणेकडे एक भिंत खचून बसली काल. विणकरांच्या वस्तीत. एक बाई गेली."

"वरुणेकडे? पण पाणी तर धोक्याच्या खाली आहे!"

"गंगाजीचं खाली आहे," तो म्हणाला.

बनारसच्या एका अंगाला वरुणा ही छोटी नदी गंगेला मिळते. गंगा चढली की वरुणेला तोंड उघडता येत नाही. तिचं पाणी उलटं फिरतं आणि मागच्या मागे सखल गल्ल्यांत शिरतं. सगळं गाव घाटाकडे बघत असतं आणि पाणी येतं पाठीमागून. हे रामधनीला माहीत होतं, त्याच्या बापाला माहीत होतं. मलाही तसं ऐकून माहीत होतं. पण आमची पट्टी गंगेवर, आमची लाल रेघ गंगेची. वरुणेवर आमचं ठाणंच नव्हतं, त्यामुळे माझ्या कागदावर वरुणा नव्हती. गंगा कितीवर गेली की कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे मी कधी काढलं नव्हतं. पंडाजींच्या चौकीसाठी मी पायऱ्या मोजून आले होते. तिकडून मला कुणी विचारायला आलं नाही, म्हणून मी गेले नव्हते.

त्या हिवाळ्यात गेले. विणकरांच्या त्या वस्तीत प्रत्येक घराच्या भिंतीवर जुन्या पुरांचे मातकट पट्टे असतात. मी शिंप्याची टेप आणि पातळी जुळवायची पाण्याची नळी घेऊन गल्लोगल्ली फिरले. पोरंसोरं मागे, बायका पडद्याआडून बघताहेत. कुठला पट्टा कुठल्या साली पडला ते म्हाताऱ्यांना विचारायचं आणि त्या साली आमच्या गंगेच्या पट्टीवर आकडा काय होता ते जुन्या रजिस्टरात पाहायचं. चार-पाच रविवार गेले. शेवटी एक कागद तयार झाला: गंगा इतकी, तर पहिली गल्ली, इतकी, तर दुसरी, आणि लाल रेघेच्या दोन हात खाली असतानाच तिसरी. साहेबांनी तो बारकाईनं पाहिला, स्वच्छ टाइप करून घेतला आणि योग्य त्या कचेरीकडे पाठवला. पोच आली. कागद विचाराधीन राहिला. माझ्याकडे त्याची प्रत होती.

त्यानंतर तीन पावसाळे कोरडेच गेले म्हणायचे. चौथा मात्र तसा नव्हता.

भाद्रपदातली सकाळ. दहाच्या सुमारास वायरलेसवर वरचे आकडे आले. मी पेन्सिल चालवली, पुन्हा चालवली. उद्या दुपारी बारापर्यंत गंगा लाल रेघेच्या दोन हात खाली. घाटांच्या दृष्टीनं काही विशेष नाही. मी खणातून माझा तो कागद काढला आणि बोट ठेवलं. तिसरी गल्ली.

अंदाजाचा फॉर्म नियमाप्रमाणे रवाना झाला. मग मी तहसिलीत फोन लावला. तिथे त्रिपाठी नावाचे नायब तहसीलदार नवीनच आले होते. आवाजावरून पंचविशीतले वाटले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"पण तुमच्या फॉर्मवर पाणी धोक्याच्या खाली आहे," ते म्हणाले.

"गंगेचं. वरुणेच्या गल्ल्यांत शिरेल."

"मग तसं लिहून द्या. वस्ती खाली करा असं लिहून द्या, मी आत्ता निघतो."

"तेच मला लिहिता येत नाही, त्रिपाठीजी. तो अधिकार तुमचा आहे."

"आणि पाण्यानं रेघ ओलांडल्याशिवाय मला लोकांना ठेवायला शाळा उघडता येत नाही. दीदी, मी करू काय?"

तो मुलगा टाळत नव्हता. त्याच्या आवाजात खरीच घालमेल होती. दोघांच्याही हातात फोन होता, दोघांनाही बोलता येत होतं, आणि दोघांच्या मध्ये घटनेतलं एक पान होतं. मी फोन ठेवला.

मग मी कोरा कागद घेतला आणि अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. पूरकाळात रजा मिळत नाही. साहेबांनी अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात आलेखाचा कागद गुंडाळलेला होता, तो त्यांना दिसला असणारच.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"घरगुती."

त्यांनी घड्याळ पाहून सहीखाली वेळ घातली, अकरा वाजून पाच मिनिटं. "दुपारचे आकडे मी काढतो," एवढंच म्हणाले.

रिक्षा करून वस्तीत पोचले तर सगळं नेहमीसारखं चाललेलं. घराघरातून करघ्यांचा, म्हणजे हातमागांचा, खटखट आवाज. तिथले करघे जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. वस्तीत मुस्तकीम चाचांचा शब्द चालतो हे मला टेप घेऊन हिंडताना कळलं होतं. साठीचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या करघ्यावर लग्नाचा लाल शालू अर्धा विणून झाला होता. त्यांनी मला ओळखलं.

"अरे, फीतेवाली दीदी! आइए."

मी उभ्याउभ्याच सांगितलं, की उद्या दुपारी बाराच्या सुमाराला या गल्लीत पाणी येईल, गुडघ्याच्या वर. आवाज ऐकून आजूबाजूची माणसं जमली. त्यांची सून शमीमा आतल्या दारात येऊन उभी राहिली. नुकतंच लग्न झालेली, अठरा-एकोणीस वर्षांची.

"सरकारी हुकुम है?" चाचांनी विचारलं.

वाटेत रिक्षात मी या प्रश्नाची तयारी केली होती. "हो" म्हटलं असतं तर सगळे हलले असते. पण ते खोटं होतं, आणि माझा हिशेब चुकला असता तर त्याची भरपाई कुणी करायची? अर्ध्या विणलेल्या शालूचा करघा उचलायचा म्हणजे खेळ नाही. हजारो उभे धागे ताणलेले असतात. घाईत काढायचे तर कापावेच लागतात, आणि कापले की शालू गेला. न कापता फण्यांसकट गुंडाळून उचलायचे तर चार माणसांना अर्धा दिवस लागतो. तेवढा दिवस मोडायला मी सांगत होते.

"नाही, चाचा. हुकूम नाही. मी आज रजेवर आहे. हा माझा हिशेब आहे."

लोकांत कुजबुज झाली. एकजण हसलाही. चाचा हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "चार साल पहले मेरी दीवार बैठी थी. शमीमा की सास उसी में गई. धागा निकाल रही थी. उस दिन भी आपका हिसाब था?"

ती बाई म्हणजे चाचांची बायको, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या रविवारांत मी त्यांच्याही घराच्या भिंतीवर टेप लावली होती, आणि त्यांनी मला चहा पाजला होता. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

"होता," मी म्हटलं. "गंगा किती चढणार ते मला माहीत होतं. तुमच्या गल्लीत ते पाणी कुठवर येतं, ते माहीत नव्हतं. विचारायला आले नाही मी."

मला वाटलं, आता हे मला जायला सांगतील आणि ते बरोबरच होईल.

"आज मालूम है?" चाचांनी विचारलं.

"आज माहीत आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी आलेखाचा कागद दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाकाशी नेऊन बघायला लागले. मी समजावायला गेले तर त्यांनी बोटानंच थांबवलं. "ये तो नक्शा है," ते म्हणाले. शालूवरच्या वेलबुट्ट्या आधी अशाच चौकटींच्या कागदावर काढतात, एक चौकट म्हणजे इतके धागे. चाचा जन्मभर ते वाचत आले होते. त्यांचं बोट माझ्या पेन्सिलीच्या रेघेवरून चौकटी मोजत मोजत वर गेलं आणि उद्याच्या बारापाशी थांबलं. तिथून आडवं सरकून त्यांनी खालच्या कोपऱ्यातली माझी नोंद वाचली, "तिसरी गली".

"चार-चार घर के लोग एक-एक घर में लगो," ते मागे वळून म्हणाले. "पहले वो जिनका काम आधे से ऊपर है. कोई कैंची नहीं लगाएगा."

खटखट थांबली. एकेक करून अख्ख्या वस्तीतली थांबली. ती शांतता मला अजून आठवते.

दुपारभर माणसं धागे गुंडाळत होती. शमीमा आणि बाकीच्या बायका रेशमाच्या लडी चादरींत बांधत होत्या. मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी एका म्हातारीची औषधं आणि चष्मा एका डब्यात भरून दिला. प्रश्न राहिला तो जायचं कुठे. वस्तीच्या वरच्या अंगाला शाळा होती, पक्की, उंचावर. हेडमास्तर भले गृहस्थ, पण कुलूप काढायला त्यांना लेखी हुकूम हवा होता. त्यांचंही बरोबर होतं.

चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली. पँट दुमडून एक हडकुळा तरुण उतरला. त्रिपाठी. फोन ठेवल्यापासून जेवलेला नव्हता.

"मी पाहायला आलोय, दीदी," तो म्हणाला. "फक्त पाहायला."

चाचा त्याला आत घेऊन गेले. रिकाम्या झालेल्या करघ्याच्या खड्ड्यात तळाशी पाणी दिसत होतं. कुठून वाहत आलं नव्हतं, जमिनीतूनच पाझरत होतं, बारीक बुडबुडे काढत. त्रिपाठी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. हात घालून पाहिला. मग त्यानं खिशातून पॅड काढलं.

"प्रत्यक्ष पाहणीत घरांत पाणी आढळलं, असं मी लिहू शकतो," तो जणू स्वतःशीच म्हणाला. "त्याला रेघ लागत नाही." आणि गुडघ्यावर पॅड ठेवून त्यानं शाळा उघडायचा हुकूम लिहिला. सही करून त्यानं तो पुन्हा एकदा वाचून पाहिला. नोकरीतला पहिलाच असावा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची पाळी केली आणि जेवणाच्या सुट्टीत तिकडे गेले. बारा वाजले. गल्ली कोरडी. करघ्यांचे खड्डे भरले होते, पण गल्लीत पाण्याचा थेंब नाही. साडेबारा झाले. शाळेच्या व्हरांड्यात बसलेली माणसं माझ्याकडे बघायची आणि नजर वळवायची. एक जण मोठ्यानं म्हणाला, की एका बाईच्या कागदासाठी दिवस घालवला. त्रिपाठी खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता. पाणी येऊ नये असं कुणालाही वाटावं, आणि मी तिथे उभी राहून त्याची वाट बघत होते. मला स्वतःची लाज वाटली.

सुट्टी संपून गेली होती, तरी मी हलले नाही. एक वाजून गेल्यावर पहिल्या गल्लीच्या कोपऱ्यातून पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. चहाच्या रंगाची एक जीभ दगडांच्या फटींतून पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तीन वाजेपर्यंत चाचांच्या उंबऱ्यावर होतं, संध्याकाळी मांडीपर्यंत. माझं तासा-सव्वातासाचं गणित चुकलं होतं. वरुणा उलटी फिरायला वेळ घेते, हे मी धरलं नव्हतं.

त्या पुरात तिथे दोन भिंती बसल्या. घरांत कुणी नव्हतं. एक कुटुंब हललं नव्हतं, त्यांना त्रिपाठीनं होडी पाठवून काढलं. त्यांचं रेशीम मात्र गेलं.

पंधरा दिवसांनी आमच्या कचेरीला जिल्ह्याच्या कचेरीचं एक पत्र आलं. केंद्र सरकारच्या एका कर्मचारी बाईंनी वस्ती हलवण्याचे निर्देश दिले, असं कळतं, तरी खुलासा व्हावा. त्यात वाईट हेतू नव्हता. विचारणं त्यांचं काम होतं. साहेबांनी उत्तर स्वतः लिहिलं आणि पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं. या कार्यालयाने नेहमीप्रमाणे पाण्याच्या पातळीचा अंदाज दिला, अन्य कोणताही निर्देश दिलेला नाही. उल्लेखलेल्या कर्मचारी त्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांपासून रजेवर होत्या.

"साहेब, तुम्हाला माहीत होतं मी कुठे जाणार ते."

"रजेवरच्या माणसाला तो कुठे जातो हे विचारायचा मला अधिकार नाही," ते गंभीरपणे म्हणाले आणि पत्र पाकिटात घातलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मुस्तकीम चाचांनी आपल्या गल्लीच्या टोकाला वरुणेत एक बांबू रोवला. त्यावर गिरहांच्या खुणा केल्या. सोळा गिरहांचा एक गज, हे कापडाचं माप. रोज सकाळी शमीमा तो वाचायची आणि चिठ्ठी आमच्या कचेरीत पोचती व्हायची, उर्दू वळणाच्या हिंदी अक्षरात: "पानी दो गिरह चढ़ा." हा आकडा आमच्या रजिस्टरात लिहिता येणार नव्हता, ते ठाणं आमचं नव्हतं. साहेबांनी भांडारातून एक वेगळी वही दिली, त्यावर काहीच नाव न घालता. मी त्यात गिरहांचे सेंटीमीटर करून लिहायची आणि एक प्रत त्रिपाठीला जायची. त्या वहीवरून मला वरुणेच्या उलट्या चालीचा तो सव्वा तास पक्का करता आला.

भाद्रपदाच्या अखेरीला दोन दिवस चिठ्ठी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती वेगळ्या, थरथरत्या अक्षरात, चाचांच्या. "पानी एक गिरह उतरा. शमीमा को बेटी हुई. दोनों ठीक हैं." मी आकडा लिहिला आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात बाकीचं आहे तसं उतरवलं. महिनाअखेरीला वही साहेबांपुढे गेली. ते त्या ओळीवर थांबले. मला वाटलं, आता पट्टी घेतील.

"जन्माची नोंद," ते म्हणाले, "दोघांच्या यादीत आहे. आपल्यालाही लिहिता येते." आणि त्यांनी खाली सही केली.

रविवारी मी बाळंतविडा घेऊन गेले. नवी पक्की भिंत उठली होती, करघा चालू होता. शमीमा खाटेवर होती. तिच्याशी बोलताना कळलं, की कळा सुरू झाल्यावरही ती सकाळी बांबूपाशी जाऊन आली होती. आकडा पाहिला होता, पण चिठ्ठी लिहायच्या आत तिला आत न्यावं लागलं.

मी तिला चांगलीच रागावले. "असं कुणी जातं का? एक दिवस आकडा नसता आला तर काय बिघडलं असतं?"

"आप राह देखतीं न," ती म्हणाली. आणि तोंडातल्या तोंडात, परीक्षेत उत्तर द्यावं तसा तिनं त्या दिवसाचा आकडा मला सांगितला. साडेसहा गिरह.

मी पर्समधून पेन काढलं आणि हातावर लिहून घेतला.